मारिया हरिकेन: सोळा दिवसांचं वादळ, सहा महिन्यांचं मरण

जून २०१८ च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको या बेटाच्या राजधानीत, सान हुआनमध्ये, विधिमंडळाच्या इमारतीसमोर लोक चपला-बूट आणून ठेवू लागले. म्हाताऱ्या माणसांच्या घरात घालायच्या सपाता, कामगारांचे जाड तळव्यांचे बूट, बायकांच्या टाचांच्या चपला, अगदी तान्ह्या बाळाचे मोजेवजा बूटसुद्धा. बऱ्याच जोडांत चिठ्ठी होती, त्यावर माणसाचं नाव. बघता बघता दोन हजारांहून जास्त जोड रांगेने लागले. त्या दिवशी पोर्तो रिको सरकारच्या कागदावर आदल्या सप्टेंबरातल्या मारिया हरिकेनचे बळी होते ६४.

समोर दोन हजारांवर जोड आणि कागदावर ६४. हे अंतर कसं पडलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. वादळाचा वेग, दाब, पाऊस हे सगळं पुढे येईलच. पण वादळ ओसरल्यावर माणसं का मरत राहिली आणि ती मोजली का गेली नाहीत, हे समजून घेणं मला जास्त गरजेचं वाटतं. चक्रीवादळाची बातमी आपण ते किनाऱ्याला धडकेपर्यंत मिनिटामिनिटाला वाचतो आणि पाऊस थांबला की सोडून देतो. मारियाच्या बाबतीत अर्ध्याहून जास्त गोष्ट त्यानंतरची आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून

अटलांटिकमधली बरीच मोठी हरिकेन्स आफ्रिकेच्या जमिनीवर बीज धरतात. उन्हाळ्यात सहाराच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जाणाऱ्या वाऱ्यांत लाटा उठतात, ढगांचे पुंजके घेऊन त्या समुद्रावर उतरतात. एका मोसमात अशा पन्नास-साठ लाटा येतात आणि बहुतेक वाटेतच विरून जातात. १२ सप्टेंबर २०१७ ला अशी एक लाट आफ्रिकेचा किनारा सोडून निघाली. चार दिवस तिच्यात विशेष काही नव्हतं. १६ सप्टेंबरला बार्बाडोसच्या पूर्वेला सुमारे हजार किलोमीटरवर ढगांना गोल फेर मिळाला, कमी दाबाचं केंद्र तयार झालं आणि त्याच दिवशी त्याचं वादळ होऊन त्याला मारिया हे नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी ते हरिकेन झालं.

हरिकेन, टायफून आणि आपल्याकडचं चक्रीवादळ ही एकाच प्राण्याची तीन समुद्रांतली नावं. इंजिन एकच. कोमट समुद्राची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग होतात, त्या वेळी वाफेत साठलेली उष्णता बाहेर पडते, हवा आणखी वर उचलली जाते आणि खालचा दाब आणखी घटतो. मग आजूबाजूची हवा आत धाव घेते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळत जाते. याला दोन गोष्टी लागतात. समुद्राचं पाणी निदान साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात-दिशेत फार फरक नको, नाहीतर वादळाचा खांब मधेच तिरपा होऊन मोडतो. मारियाच्या वाटेत दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. पाणी एकोणतीस अंशांच्या आसपास, आणि वरचे वारे शांत.

त्यात डोळा लहान होता. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गिरकी कशी एकदम वाढते, तसंच वादळाच्या डोळ्याचं असतं. डोळा आवळला की भोवतीच्या भिंतीतला वारा पिसाटतो. १८ सप्टेंबरच्या सकाळी मारियातला वारा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे पाच पायऱ्यांच्या श्रेणीतली तिसरी पायरी. बारा तासांत तो ताशी २६५ पर्यंत गेला. पाचवी, शेवटची पायरी. आदल्या दिवशीच्या अंदाजांत वादळाची दिशा बरोबर होती, पण इतकी झपाट्याने चढलेली ताकद नव्हती. वादळ कुठे जाईल हे आता बरंच नेमकं सांगता येतं. ते एका दिवसात किती माजेल हे सांगणं अजूनही फार अवघड आहे. डॉमिनिकातल्या लोकांच्या वाट्याला ती अडचण आली. सकाळी ऐकलेलं वादळ वेगळं होतं आणि रात्री दारात आलेलं वेगळं.

डॉमिनिकाची रात्र

डॉमिनिका हा पूर्व कॅरिबियनमधला डोंगराळ, घनदाट जंगलाचा छोटा देश. लोकसंख्या साधारण ७० हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढा देश म्हणा ना. १८ सप्टेंबरच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास मारियाचा डोळा या बेटावर चढला. नोंदी ठेवायला लागल्यापासून पाचव्या श्रेणीचं वादळ या बेटावर थेट आदळण्याची ही पहिलीच वेळ.

पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट त्या रात्री फेसबुकवर लिहीत होते. माझं छप्पर गेलं, मी पूर्णपणे वादळाच्या हवाली आहे, घरात पाणी शिरतंय, अशा अर्थाचे ते दोन-तीन तुटक वाक्यांचे मजकूर होते. थोड्या वेळाने, मला वाचवण्यात आलं, एवढंच. मग बेटाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. देशाच्या प्रमुखाच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असेल तर डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या घरांचं काय झालं असेल, हे सांगायला त्या रात्री कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची हवाई छायाचित्रं मी अनेकदा पाहिली आहेत. हिरवंगार म्हणून ओळखलं जाणारं बेट एका रात्रीत तपकिरी झालं होतं. झाडं उभी होती, पण एकावरही पान नव्हतं. साल सोलून निघालेली, वणवा लागून गेल्यासारखी. दहातल्या नऊ घरांची छपरं मोडली होती. मृत आणि बेपत्ता धरून ६५ माणसं गेली. सत्तर हजारांच्या देशात ६५ म्हणजे जवळपास प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी गेलं. नुकसान आणि बुडालेलं उत्पन्न मिळून हिशेब १.३ अब्ज डॉलरवर गेला. ही रक्कम देशाच्या आदल्या वर्षीच्या सकल उत्पन्नाच्या २२६ टक्के होती. अख्ख्या देशाने सव्वादोन वर्षं राबून जे कमवायचं, ते एका रात्रीत गेलं. आणि हा देश दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१५ मध्ये, एरिका वादळाच्या पुराने कंबर मोडून नुकता उभा राहत होता. मारियानंतर पाचच दिवसांनी स्केरिट न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि म्हणाले की मी हवामानबदलाच्या युद्धाच्या आघाडीवरून थेट इथे आलो आहे. त्यांच्या तोंडी ते भाषणातलं अलंकारिक वाक्य नव्हतं.

याबुकोआ, सकाळी सव्वासहा

डॉमिनिकाच्या डोंगरांनी वादळाला थोडं थोपवलं, पण कोमट पाण्यावर येताच त्याने पुन्हा जोर धरला. १९ सप्टेंबरच्या रात्री सेंट क्रॉय बेटाच्या दक्षिणेने जाताना वारा ताशी २८० किलोमीटर आणि केंद्रातला दाब ९०८ मिलिबार. मारियाच्या आयुष्यातला हा कळस.

त्यानंतर वादळाने कात टाकली. जोरदार वादळांत डोळ्याच्या भिंतीबाहेर दुसरी भिंत तयार होते, ती आतल्या भिंतीचा बाष्पाचा पुरवठा तोडते आणि तिची जागा घेते. या अदलाबदलीत वारा थोडा उतरतो, पण डोळा मोठा होतो. मारियाचा डोळा सुमारे १७ किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर गेला. वारा ताशी २५० वर आला, म्हणजे पाचव्या पायरीला अगदी केसभर कमी. बातम्यांत हे ‘वादळ किंचित मंदावलं’ असं आलं. बेटासाठी मात्र हे जास्त वाईट होतं, कारण सगळ्यात जोराच्या वाऱ्याचा पट्टा आता कितीतरी रुंद झाला होता आणि त्याच्या तावडीत जवळपास अख्खं बेट येणार होतं.

२० सप्टेंबरला सकाळी सव्वासहा वाजता मारिया आग्नेय किनाऱ्यावर याबुकोआजवळ जमिनीवर चढलं. १९२८ नंतर इतकं जोरदार वादळ पोर्तो रिकोने पाहिलं नव्हतं. बेट रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडंच मोठं, साधारण आयताकृती. वादळ त्याच्या एका कोपऱ्यातून आत शिरलं आणि कर्णरेषेत कापत दुपारी दोनच्या सुमारास वायव्येकडून बाहेर पडलं. आठ तास. ज्यांनी ३ जून २०२० ला श्रीवर्धन, मुरुड, दापोली पट्ट्यात निसर्ग वादळ सोसलं, त्यांना वाऱ्याचा तो आवाज माहीत आहे. निसर्गचा वारा ताशी ११० ते १२० होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर मार चौपट. ज्या वाऱ्याने कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्याच्या साधारण चौपट मार याबुकोआने खाल्ला.

डोळा किनाऱ्याला लागायच्या थोडं आधीच कायेयच्या डोंगरावरचं हवामान खात्याचं डॉप्लर रडार वाऱ्याने उखडून नेलं. पुढचे आठ तास उपग्रह सोडले तर बेट आंधळं होतं. कागुआसला या वादळात ९६० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा, ९४४, आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. साधारण तेवढा पाऊस, पण डोंगरउतारावर आणि वर हा वारा. ला प्लाता नदीने तोआ बाहा गावात लोकांना रात्री छपरांवर चढवलं. डोंगराळ भागात ७० हजारांहून जास्त दरडी कोसळल्या. इतक्या दरडी म्हटल्यावर रस्ता उरणार कुठला? २२ सप्टेंबरला ग्वाहाताका धरणाचा सांडवा खचायला लागला आणि खालच्या ईसाबेला आणि केब्रादीयास भागातल्या सुमारे ७० हजार लोकांना निघून जायला सांगण्यात आलं. धरण वाचलं.

इकडे मारिया उत्तरेकडे सरकत गेलं, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला दुरून चाटून पूर्वेला वळलं, ३० सप्टेंबरला त्याचं उष्णकटिबंधीय रूप संपलं आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ते उत्तर अटलांटिकमध्ये विरलं. हवामानशास्त्राच्या वहीत मारियाचं आयुष्य इथे संपतं.

तारा आधीच कुजलेल्या होत्या

पोर्तो रिको हा अमेरिकेचा भूभाग आहे. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षांसाठी मत देता येत नाही. २०१७ साली बेटावर ७० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज होतं आणि बेटाच्या खर्चावर वॉशिंग्टनने नेमलेल्या मंडळाची देखरेख होती. वीज पुरवणारी एकच सरकारी संस्था होती. निर्मिती, वहन, वाटप सगळं तिच्याकडे, आपल्याकडे २००५ पर्यंत वीज मंडळ होतं तसं. तिचं स्वतःचं कर्ज सुमारे ९ अब्ज डॉलर, आणि मारियाच्या अडीच महिने आधी, जुलैमध्ये, तिने दिवाळखोरी जाहीर केलेली. पैसे नाहीत म्हणून जुने खांब बदलले नाहीत, अनुभवी वायरमन निवृत्त झाले किंवा अमेरिकेत निघून गेले, तारांना लागणाऱ्या फांद्या वर्षानुवर्षं छाटल्या नाहीत.

वर नकाशाची अडचण. मोठी वीज केंद्रं दक्षिण किनाऱ्यावर, आणि विजेचा मोठा वापर उत्तरेला, सान हुआनच्या बाजूला. मधे कोर्दिलेरा सेंट्रल ही डोंगररांग. म्हणजे राजधानीचे दिवे डोंगरमाथ्यांवरून गेलेल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांवर लटकलेले. कुंभार्ली घाटातून जाताना दरीवरून झेपावत गेलेले मनोरे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. तो मनोरा पडला तर तिथपर्यंत क्रेन न्यायलाच रस्ता नसतो.

मारियाच्या दोन आठवडे आधी, ६ सप्टेंबरला, इर्मा हरिकेन बेटाच्या उत्तरेने नुसतं जवळून गेलं. तेवढ्याने दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती आणि मारिया आलं तेव्हा त्यातले हजारो अजून अंधारातच होते. शेजारच्या बेटांना इर्मानंतर मदत पाठवल्यामुळे केंद्रीय आपत्ती यंत्रणेचं, फेमाचं, पोर्तो रिकोतलं गोदामही जवळपास रिकामं झालं होतं. मारियाने उरलंसुरलं सगळं आडवं केलं. वीज शंभर टक्के ग्राहकांची गेली. अख्ख्या बेटावर एक घर सुटलं नाही. मोबाइल मनोऱ्यांपैकी ९५ टक्के बंद पडले. संपूर्ण बेटावर ऐकू जाईल असं वापा रेडिओ हे एकच केंद्र चालू राहिलं. लोक चालत, चिखल तुडवत तिथे जायचे आणि आपण जिवंत आहोत असा निरोप प्रक्षेपणातून गावाकडच्यांना द्यायचे. महामार्गावर जिथे मोबाइलला एखादी रेघ दिसे तिथे कडेला गाड्यांची रांग लागे.

दुरुस्ती कशी झाली नाही, हे लिहितानाही राग येतो. अमेरिकेत एखाद्या राज्यावर वादळ आलं की इतर राज्यांच्या वीज कंपन्या आपले गट पाठवतात, त्याची ठरलेली व्यवस्था आहे. पोर्तो रिकोच्या वीज संस्थेने ती मदत लगेच मागितली नाही. तिने मोंटाना राज्यातल्या एका कंपनीला ३० कोटी डॉलरचं काम दिलं. वादळाच्या दिवशी त्या कंपनीत पूर्णवेळ माणसं दोन होती. बोभाटा झाल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी करार रद्द झाला आणि मग, सहा आठवडे गेल्यावर, इतर राज्यांकडे हात पसरले गेले. बंदरात हजारो कंटेनर उतरलेले होते, पण ट्रकना डिझेल नव्हतं, चालक घरी पोचू शकत नव्हते, रस्त्यांवर दरडी होत्या. जानेवारीच्या अखेरीस, चार महिने उलटल्यावर, चार लाखांहून जास्त ग्राहक अजून अंधारात होते. एप्रिलमध्ये एका उत्खनन यंत्राचा धक्का वाहिनीला लागला आणि पुन्हा अख्खं बेट काळोखात गेलं. सगळीकडे वीज आल्याचं वीज संस्थेने जाहीर केलं तेव्हा २०१८ चा ऑगस्ट अर्धा झाला होता. अमेरिकेच्या इतिहासात इतका मोठा वीजखंड दुसरा नाही.

वीज गेल्याने माणूस कसा मरतो

समजा, डोंगरातल्या एका घरात सत्तरीच्या एक आजी आहेत. मधुमेह आहे, मूत्रपिंडं थकलेली आहेत. वादळात त्यांना खरचटलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी फ्रिजमधलं इन्सुलिन गरम होतं. नातू बर्फ आणायला जातो. बर्फाला रांग, आणि बर्फ मिळाला तर तो संध्याकाळपर्यंत वितळतो. डायलिसिस केंद्र जनरेटरवर चालू आहे, पण डिझेल पुरवून वापरायचं म्हणून चार तासांचं डायलिसिस तीन तासांवर आलं आहे. केंद्रापर्यंतचा रस्ता दरडीखाली आहे, तेव्हा तीनपैकी एक खेप चुकतेच. नळाला पाणी नाही, कारण पाण्याचे पंपही विजेवरच. पायावरची जखम डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याने धुतली जाते. नोव्हेंबरमध्ये ताप येतो, सेप्सिस होतं, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरतो, आजी जातात. डॉक्टर दाखल्यावर लिहितो: मधुमेह, हृदयक्रिया बंद, नैसर्गिक मृत्यू. यात वादळ कुठे आलं?

ही आजी मी कल्पिलेली आहे, पण त्यातली एकही पायरी कल्पित नाही. व्येकेस या छोट्या बेटावरचं एकमेव रुग्णालय निकामी झालं, आणि तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा लहान विमानाने मुख्य बेटावर न्यावं लागत होतं. लेप्टोने माणसं गेली; मुंबईत २००५ च्या पुरानंतर तुंबलेल्या पाण्यातून जो लेप्टो पसरला तोच. घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलेले रुग्ण, श्वासाचं मशीन लावून झोपणारे, जनरेटर परवडला तोवर राहिले. सरकारी इस्पितळ-जहाज ३ ऑक्टोबरला बंदरात येऊन उभं राहिलं, त्यावर अडीचशे खाटा होत्या, पण तिथे पाठवायचा रुग्ण कुणी, कसा ठरवायचा याची घडी न बसल्याने बऱ्याचशा खाटा रिकाम्याच राहिल्या. बेटावरच्या कारखान्यांत सलाइनच्या लहान पिशव्या बनत; ते थांबले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांना अनेक महिने तुटवडा सोसावा लागला.

आता मोजणीकडे. मृत्यू वादळाचा म्हणून नोंदायचा तर सान हुआनच्या न्यायवैद्यक संस्थेकडून तसं प्रमाणित व्हावं लागे. रस्ते बंद, फोन बंद, शीतगृह नाही, अशा गावातल्या डॉक्टरने मृतदेह राजधानीला पाठवायचा कसा? आपत्तीच्या काळात दाखला कसा भरायचा याचं प्रशिक्षणही डॉक्टरांना मिळालेलं नव्हतं. म्हणून दाखला भरला जाई, दफन होई आणि वादळाच्या यादीत नाव येत नसे. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प बेटावर आले तेव्हा अधिकृत आकडा १६ होता, आणि त्यांनी २००५ च्या कतरिना हरिकेनच्या हजारो बळींशी तुलना करून समाधान व्यक्त केलं. डिसेंबरमध्ये आकडा ६४ झाला आणि तिथेच थांबला. बेटावरच्या शोधपत्रकारांनी मृत्युनोंदी मागितल्या, मिळेनात म्हणून कोर्टात गेले. स्मशानं आणि शवागारं जे सांगत होती ते ६४ शी जुळत नव्हतं, हे त्यांनी लावून धरलं. त्यांचं ऋण या प्रकरणावर मोठं आहे.

दोन अभ्यासांनी चित्र बदललं. पहिला हार्वर्डच्या संशोधकांचा, मे २०१८ चा. त्यांनी ३,२९९ घरांत जाऊन विचारलं: वादळानंतर घरात कुणी वारलं का, कशाने, वीज-पाणी किती दिवस नव्हतं. सरासरी घर वर्षअखेरीपर्यंत ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाइलविना होतं. त्यांचा अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे वादळ आलं नसतं तर जे झाले नसते अशा मृत्यूंचा, अंदाज ४,६४५ आला. हा आकडा जगभर मथळ्यांत गेला, पण त्याच्या सोबतची कक्षा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो ती, बहुतेकांनी गाळली: ७९३ ते ८,४९८. पाहणीत वादळानंतरचे मृत्यू ३८ च सापडले होते आणि त्यावरून सगळ्या बेटाचा गुणाकार होता, तेव्हा कक्षा रुंद असणारच. या अभ्यासाचं मोल मला दुसऱ्या एका निष्कर्षात वाटतं. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश उपचार लांबल्याने किंवा तुटल्याने झाले होते.

दुसरा अभ्यास सरकारनेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाला सांगितलेला. त्यांनी घरोघरी न जाता मृत्युनोंदींची वही उघडली. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांत बेटावर १६,६०८ मृत्यू झाले होते. कारण काहीही लिहिलेलं असो, प्रश्न एकच: वादळ आलं नसतं तर किती झाले असते? आधीच्या वर्षांची गती, वयोगट, ऋतू हे धरून तो अंदाज काढला. इथे एक खाच होती. वादळानंतर लाखभराहून जास्त लोक बेट सोडून अमेरिकेत गेले होते. माणसंच कमी झाली तर मृत्यूही कमी अपेक्षित, म्हणून ती घट हिशेबात घेतली. उत्तर आलं २,९७५; कक्षा २,६५८ ते ३,२९०. २८ ऑगस्ट २०१८ ला गव्हर्नर रिकार्डो रोसेयो यांनी हाच आकडा अधिकृत मानला. एका दिवसात ६४ चे २,९७५ झाले.

या आकड्याच्या आतली मांडणी मला सगळ्यात जास्त हादरवते. ऑक्टोबरअखेर अतिरिक्त मृत्यू १,२७१. डिसेंबरअखेर २,०९८. फेब्रुवारीअखेर २,९७५. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठशेच्या वर आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा जवळपास तेवढेच. वादळ २ ऑक्टोबरला विरलं होतं आणि नव्या वर्षातही ते रोज चौदा-पंधरा माणसं नेत होतं. ती कुठली माणसं? अतिगरीब म्युनिसिपिओंत, म्हणजे ढोबळमानाने त्यांच्या तालुक्यांत, मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी वाढलेला होता आणि अभ्यास संपेपर्यंत तो खाली आलाच नाही. तसंच पासष्टीच्या पुढच्या पुरुषांचं. बाकीच्यांचा धोका हळूहळू पूर्ववत झाला. वीज ज्या क्रमाने परत आली, साधारण त्याच क्रमाने मरण मागे हटलं, असं मला मृत्यूंच्या आणि विजेच्या आकड्यांवरून दिसतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये ट्रम्प यांनी हा आकडा खोटा असल्याचं जाहीर ट्विट केलं. ज्यांनी विधिमंडळासमोर जोड ठेवले होते त्यांच्या घरी ते कसं पोचलं असेल.

उतुआदोची ट्रॉली आणि अदहुंतासचे दिवे

मधल्या काळात डोंगरातल्या लोकांनी काय केलं, हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. उतुआदोजवळच्या रिओ आबाहो वस्तीला जोडणारा पूल नदीने नेला. पलीकडच्या लोकांनी वस्तीवर फलक लावला: विसरलेल्यांची छावणी. मग दोन काठांच्या मधे तारदोर ताणला, सुपरमार्केटमधली सामानाची ट्रॉली चाकं काढून त्याला टांगली, आणि कप्पीने पाणी, औषधं, डाळ-तांदूळ इकडून तिकडे ओढायला सुरुवात केली. सरकारचा पूल यायला कितीतरी महिने लागले, तोवर वस्ती त्या ट्रॉलीवर जगली.

अदहुंतासला कासा पुएब्लो नावाची लोकसंघटना १९८० पासून आहे. खाणींविरुद्धच्या लढ्यातून उभी राहिलेली, कॉफी विकून आपला खर्च भागवणारी. त्यांच्या गुलाबी घरावर १९९९ पासून सौर पॅनेल होती. मारियानंतर गावात दिवा होता तो या घरात. लोक फोन लावायला, श्वासाची यंत्रं चालवायला, नुसतं उजेडात बसायला तिथे येत. संघटनेने हजारो सौर दिवे डोंगरात वाटले, रुग्ण असलेल्या घरांना छोटे फ्रिज आणि पॅनेल बसवून दिली, न्हाव्याच्या दुकानावर, वाणसामानाच्या दुकानांवर पॅनेल चढवली. त्यातून पुढे गावच्या चौकातल्या दुकानदारांची सौरविजेची सामाईक जाळी तयार झाली आणि मार्च २०२३ मध्ये ती सुरू झाली. वीज संस्थेच्या अब्जावधींच्या आराखड्यांपुढे हे किरकोळ वाटेल. पण इन्सुलिन थंड ठेवायला लागणारी वीजही किरकोळच असते.

१८ सप्टेंबर २०२२ ला, मारियाला पाच वर्षं व्हायला दोन दिवस असताना, फिओना हरिकेन आलं. पहिल्या श्रेणीचं, मारियाच्या मानाने दुबळं. तरीही अख्ख्या बेटाची वीज गेली, कारण वादळानंतर मंजूर झालेल्या निधीतलं वीजजाळ्याचं काम तोवर फारसं सुरूच झालं नव्हतं. उतुआदोत मारियानंतर नॅशनल गार्डने, म्हणजे राखीव लष्करी दलाने, एक लोखंडी पूल बसवला होता. फिओनाच्या पुरात तो उचलला गेला आणि गढूळ पाण्यावरून कागदी होडीसारखा फिरत निघून गेला. कुणीतरी मोबाइलवर घेतलेली ती चित्रफीत त्या दिवशी जगभर फिरली. अदहुंतासच्या गुलाबी घरात त्या रात्री दिवे चालू होते, आणि लोक पुन्हा यंत्रं घेऊन तिथे आले.